पंधरापैकी साडेअकरा

भाऊकाकांनी शेवटचा बटाटेवडा कधी खाल्ला ते त्यांना तोंडपाठ आहे. १० नोव्हेंबर २०१९, रविवार, संध्याकाळचे पावणेसहा, डोंबिवली पूर्व, फडके रोड. दोन वडे, एक पाव, सुकी चटणी जादा मागून. हे ते हळहळत सांगतात असं नाही. समोरच्याने वड्याचा घास तोंडात घातला की सांगतात, आणि वर विचारतात, "बघ, काही विसरलोय का?"

काका रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. उभी नोकरी दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी सोसायटीचे हिशेब तपासून पाहिले. त्या काळात एकही सेक्रेटरी मुदत पुरी करू शकला नाही, तेव्हा सर्वांनी हात जोडून ते काम काढून घेतलं. मग तपासायला घरात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे स्वतःचं ताट.

ताटाची वही आहे. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, पूर्वी किराणा दुकानात असायची तशी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मेथी, चाकवत, मसूर, ज्वारीची भाकरी, अक्रोड हे जमेला. साखर, लोणी, चीज, तळण हे नावे. दर शनिवारी रात्री ताळा घेतला जातो. त्या वेळी घरात कोणी बोलत नाही. बोललं तरी काकांना ऐकू येत नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

या वहीमागे एक खरीखुरी यादी आहे, आणि ती फॉरवर्ड म्हणून आलेली नाही, हे काकांच्या बाजूने सांगायला हवं. 'रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल, आयुष्यात विसरणार नाही' असा निरोप आला की काका उलट टपाली विचारतात, "व्हाउचर कुठाय?" व्हाउचर म्हणजे अभ्यास कोणी केला, किती माणसांवर, किती वर्षं. अशा प्रश्नांमुळे त्यांना नातेवाइकांच्या दोन ग्रुपमधून काढण्यात आलं आहे. त्यांची यादी शिकागोच्या रश विद्यापीठातली आहे. मार्था क्लेअर मॉरिस नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमध्य समुद्राकाठचा आहार आणि रक्तदाबाच्या रोग्यांसाठीचा 'डॅश' आहार यांतून मेंदूच्या कामाचं तेवढं निवडून 'माइंड डाएट' बनवला. २०१५ साली त्यांनी लिहिलं की ९२३ वृद्धांवर सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा या पद्धतीने सगळ्यात काटेकोर खाणाऱ्यांत अल्झायमर होण्याचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसलं. बऱ्यापैकी पाळणाऱ्यांतही ३५ टक्क्यांनी.

पण काकांना भुरळ पडली ती टक्क्यांची नव्हे, गुणांची. पंधरा बाबी. दहा खायच्या, पाच टाळायच्या. बहुतेकींना एक गुण, अर्धा गुण किंवा शून्य. अर्धा गुण! एका परदेशी विद्यापीठाने आपल्यासाठी मुद्दाम अर्ध्या गुणाची सोय केली आहे हे वाचून काका दोन दिवस हवेत होते.

अडचणी लगेच सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा मासा आणि दोनदा कोंबडी, हे दोन गुण काकांच्या घरात जन्मापासून बाद. त्याची भरपाई म्हणून 'लाल मांस आठवड्यातून चारदापेक्षा कमी' हा गुण मात्र त्यांनी काहीही न करता खिशात घातला. ब्लूबेरीच्या जागी जांभूळ, करवंद, आवळा यांना 'स्थानिक समकक्ष वस्तू' म्हणून मंजुरी दिली. ऑलिव्ह तेलाचा भाव बघून ते बाटली परत फळीवर ठेवून आले आणि घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाला स्वतःच्या अधिकारात अर्धा गुण दिला. राहता राहिली वाइन. मूळ यादीत दिवसाला एक ग्लास आहे. काका आयुष्यात कधी प्यायले नव्हते, पण एक गुण समोर दिसत असताना सोडायचा म्हणजे त्यांना नोकरीत कुचराई केल्यासारखं वाटलं. नाशिकची एक बाटली आली. देवघराच्या भिंतीपलीकडच्या कपाटात राहिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने काका ती मोजून घेत. तीन दिवसांनी काकूंनी चव घेऊन पाहिली आणि उरलेलं सगळं सिंकमध्ये ओतून म्हणाल्या, "अहो, हिच्यापेक्षा तुमचं ते खोकल्याचं बरं."

म्हणजे पंधरापैकी साडेअकरा. काका या आकड्यावर समाधानी आहेत, कारण शिकागोच्या त्या अभ्यासातला पहिला नंबरसुद्धा साडेबाराच्या पुढे गेला नव्हता. "आणि त्यांना कोंबडी होती," असं ते पुढे जोडतात.

नियमाचा अर्थ लावण्यात काकांचा हात धरणारा मी पाहिलेला नाही. यादीत लोणी मर्यादित आहे. दिवसाला एका मोठ्या चमच्याहून कमी. साजूक तुपाचा उल्लेख नाही. जे नियमात नाही त्याला हरकत घेता येत नाही, म्हणून वरणभातावरची तुपाची धार चालू आहे. "लोणी कढवलं की त्याचं हेड बदलतं," हे त्यांचं स्पष्टीकरण. तळलेलं आठवड्यातून एकदापेक्षा कमी असावं असं यादी म्हणते. काका श्रावणापासून काही न तळता दिवाळीपर्यंत शिल्लक पुढे ओढतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बसून बारा चकल्या कायदेशीरपणे खातात. आणि लोणचं! लोणचं यादीत कुठेच नाही. शिकागोत यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कैरीच्या फोडीखाली साचलेला खार असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे काका प्रत्येक भाकरीबरोबर लिंबाचं, कैरीचं, मिरचीचं असं तिहेरी लोणचं घेतात, पापड भाजून घेतात, आणि डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून १६० सांगितले की यंत्र तपासायला पाठवण्याची सूचना करतात.

अक्रोडावर त्यांची विशेष श्रद्धा. फोडलेला अक्रोड मेंदूसारखा दिसतो, ही दलील मात्र त्यांनी व्हाउचरविना मान्य केली. काकूंनी विचारलं, "मग वांग्यासारखं तुमच्यात काय आहे, ते सांगा, म्हणजे भरली वांगी बंद करू की चालू ठेवू ते ठरवता येईल." मीही एकदा आगाऊपणा केला. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा इथे धडधाकट म्हाताऱ्यांना दोन वर्षं रोज अक्रोड खायला दिले आणि न खाणाऱ्यांशी ताडून पाहिलं. एकंदरीत बुद्धीत फरक पडला नाही, असं २०२० साली छापून आलं, हे मी त्यांना वाचून दाखवलं. काकांनी शांतपणे दुसरा अक्रोड फोडला. "त्यांचे कॅलिफोर्नियाचे," म्हणाले. "माझे काश्मीरचे."

इथपर्यंत काका हसण्यावारी नेण्याजोगे आहेत आणि मी नेतही होतो. एका दुपारी, लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता म्हणून की काय, त्यांनी दादांचं सांगितलं.

दादा म्हणजे थोरले बंधू, सांगलीचे. हळदीच्या पेढीवर दिवाणजी. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत. कुठल्या पेवात कोणाची किती पोती, कधी उतरली, हे दादा वही न उघडता सांगत. काकांना पावकी, दिडकी, औटकी शिकवली ती दादांनीच, हातावर छडी मारून. मोजून आठ-नऊ वर्षांत तो माणूस रिकामा झाला. आधी भाव विसरले, मग पोती, मग माणसं. शेवटी काका भेटायला गेले तेव्हा दादांनी त्यांना अदबीने बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि विचारलं, "आपण कोणत्या पेढीचे?" काकांनी एका पेढीचं नाव सांगितलं. दोघे अर्धा तास भावाबद्दल बोलले. निघताना दादा म्हणाले, "पावती घेऊन जा."

परत येतानाच्या गाडीत काकांनी खिडकीत आलेला वडा नाकारला. वहीची पहिली नोंद त्याच आठवड्यातली आहे.

"आणि हळद म्हणशील तर," काका आवाज चढवून म्हणाले, कारण तो जरा बसला होता, "तो माणूस हळदीत जन्मला, हळदीत मेला. तेव्हा मला कोणी हळदीच्या गोळ्या विकायला येऊ नये."

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, शंभरात सातांहून थोडे जास्त, असा अंदाज २०२३ साली निघाला. त्यांच्या घरात कुठेतरी एक धाकटा भाऊ, एखादी मुलगी काहीतरी मोजत बसलेली असणार. मोजता येण्याजोगं हाताशी ताटच असतं.

काकांची स्वतःची तपासणीही दर सहा महिन्यांनी होते. डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. सामान्य माणूस पासष्टला थांबला तरी चालतं. काका दोनपर्यंत जातात, तिथून उणे पाच, उणे बारा करत खाली उतरतात आणि डॉक्टरांना म्हणतात, "तुमच्याकडे उत्तरपत्रिका असेल तर जुळवून घ्या." घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं तर विचारतात, सकाळचे की रात्रीचे, कारण रेल्वेत रात्रीचे म्हणजे तेवीस दहा. एकदा रक्तात बी-१२ फार कमी निघालं. बी-१२ खाली गेलं तर विसरभोळेपणा येऊ शकतो, आणि वेळेवर भरून काढलं तर तो बराचसा जातोही; आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांत ही कमतरता भरपूर आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. काका खट्टू झाले. एवढी जांभळं, करवंदं, चिया की काय ते पाण्यात भिजवलेलं, आणि उणीव निघाली ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चहाच्या पैशांत भागणारी. त्यातून चियाचं कळल्यावर काकू फडताळातून जवसाच्या चटणीचा डबा काढून त्यांच्यासमोर ठेवून गेल्या होत्या. काही न बोलता, झाकण जरा जोरात आपटून.

२०२३ च्या उन्हाळ्यानंतर काका काही दिवस गप्प होते. शिकागोच्याच मंडळींनी आपल्या आहाराची कसून परीक्षा घेतली होती. ६०४ माणसं, तीन वर्षं. अर्ध्यांना माइंड आहार, अर्ध्यांना त्यांचंच नेहमीचं खाणं, फक्त दोघांनाही थोडं कमी खायचा सल्ला. शेवटी दोन्ही गटांची वजनं उतरली, दोन्ही गटांचे बुद्धीचे गुण थोडे वाढले, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मला वाटलं, वही आता रद्दीत जाणार. चौथ्या दिवशी काका खाली आले. चेहरा प्रसन्न.

"अरे, तपासणी येणार म्हटलं की दोन्ही ऑफिसं रजिस्टर नीट ठेवतात!" ते म्हणाले. "ज्यांना आहार दिला नाही, त्यांनाही अधूनमधून कोणीतरी फोन करून काय खाल्लं ते विचारणार. ते काय भजी खातील? आणि तीन वर्षं म्हणजे काय रे? दादांचं बिघडायला किती वर्षं लागली असतील, कोणाला कधी कळलं?"

मला म्हणायचं होतं की काका, तुम्ही हरलेला खटला अपिलात नेताय. पण खरं सांगायचं तर ते चुकीचं बोलत नव्हते. हा रोग बाहेर दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी आत सुरू होतो. तेवढा काळ चिठ्ठ्या टाकून माणसांना कोणी एका ताटावर बसवू शकत नाही. मग उरतात ती माणसांच्या सांगण्यावरची सर्वेक्षणं: गेल्या वर्षात पालेभाजी आठवड्यातून किती वेळा खाल्लीत? आणि हे विचारायचं कोणाला, तर ज्याची स्मरणशक्ती तपासायची आहे त्यालाच. लंडनच्या ८,२२५ सरकारी नोकरांच्या खाण्याची नोंद घेऊन त्यांच्यावर जवळजवळ पंचवीस वर्षं नजर ठेवली, तेव्हा मध्यमवयातल्या चांगल्या खाण्याचा आणि पुढच्या स्मृतिभ्रंशाचा संबंध सापडला नाही. काकांनी त्यावर एवढंच म्हटलं, "सरकारी नोकराने स्वतः भरलेला फॉर्म? मी बत्तीस वर्षं ते फॉर्म तपासलेत."

आता कानाचं.

काकांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही आणि उजव्याने सोयीचं तेवढं येतं. त्यांच्या घरच्या बातम्या आम्हाला खालच्या मजल्यावर टीव्ही न लावता कळतात. यंत्र लावा म्हटलं की, "मी काय म्हातारा आहे?" हे वय वर्षं बहात्तर. गणेश मंदिराजवळच्या कट्ट्यावर जाणं त्यांनी बंद केलं होतं. कारण सांगायचे, तिथे भजी येतात. मला वाटतं, भजी हे निमित्त. पाच म्हातारे एकदम बोलायला लागले की काकांना धड एकाचंही कळत नसे, आणि प्रत्येक विनोदाला सगळ्यांच्या मागून एकट्याने हसावं लागे.

२०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टींची यादी छापली. सगळ्या सुधारल्या तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील, असा हिशेब. मी ती काकांना नेऊन दिली. दुष्टपणाने नव्हे, पण अगदीच तसं नव्हतं असंही म्हणवत नाही. काकांनी हिरवी पेन्सिल काढली आणि वरून खाली गेले. मग खालून वर आले.

"यात अक्रोड नाही."

"नाही."

"पालेभाजी?"

"नाही. आहार असा स्वतंत्र नाहीच. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन आहे. खाणं त्यातून येतं."

काका थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग तोंड उजळलं. "म्हणजे खर्च झालाय, दुसऱ्या हेडखाली टाकलाय." मग त्यांनी टक्क्यांचा रकाना पाहिला आणि बेरीज केली. पंचेचाळीस बरोबर जुळले. ज्या कागदाची बेरीज जुळते त्याच्याशी काका आयुष्यात कधी भांडले नाहीत.

"शिक्षण कमी, ५ टक्के. मी बी.कॉम. आहे, निकाली. सिगरेट नाही, निकाली. दारू," इथे त्यांनी सिंककडे पाहिलं, "निकाली. हवेचं प्रदूषण ३ टक्के. डोंबिवलीत हा पॅरा माझ्या अखत्यारीत येत नाही." पेन्सिल थांबली. "ऐकू न येणं, ७?"

"कोलेस्टेरॉलइतकंच. यादीत सगळ्यात मोठे तेच दोन."

हे टक्के लोकसंख्येचे असतात, एका माणसाच्या कानाचे नव्हेत, हे मला माहीत होतं. पण मी गप्प बसलो. काकांच्या आत काय चाललंय ते दिसत होतं. सगळ्यात मोठी रक्कम आधी तपासायची, हे त्यांनी दोन पिढ्यांच्या कारकुनांना शिकवलेलं तत्त्व होतं. आणि साडेअकरा गुणांचा माणूस गेली काही वर्षं पाच-दहा रुपयांची व्हाउचरं तपासत, मोठ्या रकमेच्या फायलीवर बसून होता.

"दादांनाही शेवटी ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही नुसते ओरडायचो."

पुढच्या महिन्यात यंत्र आलं. वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून खर्च सध्या 'पालेभाजी (इतर)' खाली दाखवला आहे. एकटेपणाचे ५ टक्के असल्याने काका सोमवार ते शुक्रवार पाऊण तास कट्ट्यावर बसतात. शिक्का मारल्यासारखी रोजची नोंद आहे. भजी समोर आली की पुढच्याला सरकवतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांना कळलं की कट्ट्यावर आपलं नाव गेली कित्येक वर्षं 'अक्रोड' आहे.

एक घोटाळा मात्र कोणत्याही अभ्यासात छापलेला नव्हता. नव्या यंत्रात स्वतःचं चावणं फार मोठ्याने ऐकू येतं. अक्रोड तोंडात टाकला की काकांच्या डोक्यात पिठाची गिरणी सुरू व्हायची. यंत्र काढून अक्रोड खावा तर तेवढा वेळ काकू काय बोलल्या ते बुडतं, आणि अक्रोड सोडावा तर एक गुण जातो. आठवडाभर काका दोन्हींची किंमत मांडत होते. अखेर काकूंनीच अक्रोड, लसूण, लाल मिरची खलबत्त्यात घालून चटणी कुटली. भाकरीवर घ्यायला बरी आणि आवाज नाही.

मी गेलो तेव्हा काका चमचाभर चटणी जिभेवर ठेवून विचार करत होते. "मीठ किती घातलंस?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?"

काकू पाठ फिरवून काहीतरी पुटपुटल्या. पूर्वी त्यांचं पुटपुटणं वाया जायचं.

"ऐकलं मी," काका म्हणाले, आणि पट्टी घेऊन वहीत मिठाचा रकाना आखायला लागले. लोणच्याची बरणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. काकूंनी ती अजून थोडी लांब सरकवली.